मोराच्या छापाची राहुटी

कौशल्या: आधी उचलून दाखवा. मंग सांगा मले, चांगली हाये का वाईट हाये ते.

देवीदासबुवा: अगं, राहुटी छकड्यावरून जाणार आहे. मी ती डोक्यावर घेऊन कीर्तनाला उभा राहणार आहे का?

कौशल्या: छकडा वढते कोन? एकटा पवळ्या बैल. तोही म्हतारा. बडनेऱ्याच्या पुढं काया मातीत चाक रुतलं का मागून लोटते कोन? तुमी टाळ वाजवत पुढं गेलेले रायता.

(अमरावती. वेशीबाहेर चांदभाई राहुटीवाल्याचं अंगण. एक मोठी आणि एक लहान राहुटी उभी आहे. शेजारच्या रस्त्यानं कापसाच्या गाड्या चालल्या आहेत.)

चांदभाई: बाई, दोखांबी माल हाये. जड तर राहीनच. पन उभी केल्यावर पाहा ना. दुसुतीचं दुहेरी कापड, आतून लाल अस्तर, चारी बाजूनं कनात. दव आत येनार नाही, वारा आत येनार नाही. माह्या बापानं एलिचपूरच्या फौजेचे तंबू शिवले. तोच टाका हाये हा.

कौशल्या: फौजेत खांब धराले शिपाई होते, चांदभाऊ. आमी दोघं नवरा-बायको. एक खांब बुवा धरतीन, एक मी धरीन. मंग तनाव्याचे दोर वढाले तिसरं कोन येते?

देवीदासबुवा: गावची माणसं येतात. कीर्तनाला बुवा आले म्हटल्यावर पोरंटोरंसुद्धा धावतात.

कौशल्या: धावतात ना. मागच्या पौषात मुर्तिजापूरले धावले. तुमच्या पाया पडले, बुक्का लावून घेतला, अन गेले. छकड्याखाली गोनपाट बांधलं मीच. मेख ठोकता ठोकता बोटावर दगड पडला, ते नख अजून काया हाये. पाहा.

देवीदासबुवा: गेल्या साली राहुटी नव्हती, म्हणून तर ही पाहतो आहे. सकाळपासून तुझं हेच. घरून निघताना पवळ्यावर रागावलीस, वाटेत जकातीच्या शिपायावर रागावलीस, आता या निर्जीव कापडावर.

कौशल्या: जिवंत मानसावर रागावलं तर तो डोये मिटून घेते.

चांदभाई: एक पुसू का बुवासाहेब? बुरा नका मानू. आता साऱ्या वऱ्हाडात सुबत्ता हाये. ज्याच्या घरात पाहावं त्याच्या घरात गाद्या, लोड, समया. बैलाच्या शिंगाले चांदी. सारे म्हनतात बुवा, घरात या. तुमी वेशीबाहेर काहून उतरता?

देवीदासबुवा: नेम आहे, चांदभाई. ज्या गावात कीर्तन करायचं, त्या गावचं अन्न घ्यायचं नाही, पाणी घ्यायचं नाही, छप्पर घ्यायचं नाही. कोणाच्या घरी पोटभर जेवलं, त्याच्या ओसरीवर निजलं, की रात्री कीर्तनात त्याच्या खोटेपणावर बोट ठेवताना जीभ अडखळते. माझ्या गुरूंनी घातलेला नेम. आजवर ढळू दिला नाही.

कौशल्या: सांगा, सांगा. चूल आपली, पीठ आपलं, घागर आपली. ते पीठ जात्यावर दयते कोन, अन नदीवरून घागर आनते कोन, हे नेमात येत नाई.

चांदभाई: मोठं कठीन काम हाये. आमचे फकीरही एवढं करत नाहीत.

कौशल्या: फकिराले बायको नसते, चांदभाऊ.

देवीदासबुवा: झालं? आता मी बोलू? यंदाची गोष्ट निराळी आहे. अकोल्याला सप्ताह आहे. कुठं सातासमुद्रापलीकडे गोरे आपसांत लढतात आणि इथं कापसाला सोन्याचा भाव येतो. लोकांच्या हाती संपत्ती आली, विचार आला नाही. अशा वेळी देवाचं नाव कानी घालायला पाहिजे. आणि लोक कसे झालेत, ठाऊक आहे? बुवाची गाडी पाहतात, बुवाची शाल पाहतात, मग ऐकायला बसतात. गेल्या साली मी गोणपाटाखालून वाकून बाहेर आलो, तर दोन पोरं हसली.

कौशल्या: हसू द्या. कापसानं आडते मातले, हे तर तुमीच कीर्तनात सांगता. कीर्तनकाराचं काय झालं, ते सांगत नाई.

देवीदासबुवा: तोंड सांभाळ.

कौशल्या: आतापर्यंत सांभायलंच. चांदभाऊ, ते कोपऱ्यातली दाखवा. ते लहान.

चांदभाई: ते? अरे, ते वखारीच्या राखनदाराची हाये बाई. एकखांबी. सरकीच्या ढिगापाशी बसाले. कीर्तनकाराच्या शोभेची नाही.

कौशल्या: राखनदार निजते ना त्यात?

चांदभाई: निजला का शेठ हाकलून देते.

कौशल्या: मंग मी निजून पाह्यते. मले कोन हाकलते?

चांदभाई: बाई, रस्त्यानं लोक पाहून राहिले.

देवीदासबुवा: कौशल्या, बाहेर ये. हे काय चाललंय?

कौशल्या: निजली. राहुटी घेते मानूस ते निजासाठीच ना? बाहेर उभं राहून कशी कयते? हे पाहा, पाय लांब होतात. उठून बसलं तर डोक्याले कापड लागत नाई. चूल दारापाशी मांडली तर धूर वरच्या फटीतून जाईन. अन खांब मी एकटी उभा करीन, कोनाची वाट पाह्याची नाई. बुवा, तुमी या आत.

देवीदासबुवा: मी येत नाही.

कौशल्या: तुमी उंच हाओ. तुमचे पाय बाहेर रायतीन, येवढंच. दव पडलं तर पायावरच पडीन. चांदभाऊ, हे हातभर लांब करून द्या, अन आतून एक अस्तर द्या.

चांदभाई: करून दिलं असतं, पन कापड आनू कोठून? कापूस सारा गाठी बांधून ममईले चालला. कोष्ट्याच्या घरी माग उभे हायेत, सूत नाही. आपल्या रस्त्यानं दिवसभर कापूस वाहून राहिला, अन माह्या दुकानात ठिगळ लावाले चिंधी नाही. बेजार झालो मी.

कौशल्या: मंग ह्या मोठीले कापड कोठून आलं? अन तेही दुहेरी?

चांदभाई: ते काम वेगळं होतं. सूत त्यांनीच धाडलं.

कौशल्या: कोनं?

देवीदासबुवा: चांदभाई, लहानीच्या मेखा दाखवा पाहू. लोखंडी आहेत का बाभळीच्या?

कौशल्या: आत्तापर्यंत लहानीकडे पाहाले तयार नव्हते. आता मेखा पुसता? सरका जरा. मले मोठीचं दार पाहू द्या.

चांदभाई: पाहाचं काय त्यात, बाई. परदा हाये. दोन बंद हायेत.

कौशल्या: अन ह्या परद्यावर लाल मोर कशाचा?

चांदभाई: नक्षी हाये. शोभा.

कौशल्या: शोभा. मान मांग वळलेली, पिसारा असा खाली सोडलेला. हा मोर मी पाह्यला. आत्ताच पाह्यला. ते पाहा, ते चालली गाडी, त्या वरच्या गाठीवर. तोच मोर. अन तिच्या मांगच्या गाडीवर तोच. चांदभाऊ, ह्या रस्त्यानं हा छाप कोनाच्या गाठीवर असते, हे इथं शेंबड्या पोराले ठाऊक हाये. अकोल्याचे वामनराव आडते.

देवीदासबुवा: चांदभाई, त्या मेखा दाखवता ना?

कौशल्या: बोला ना. मेखा राहू द्या, मोराचं बोला.

चांदभाई: माफ करा बुवासाहेब. हे लपवाचं हाये म्हनून मले कोनी सांगितलं नव्हतं. वामनरावांचा मुनीम आला, सुताचे कोकडे देऊन गेला. म्हने, शेठची भेट हाये बुवासाहेबाले, बुवा येऊन पाहून घेतीन. अन दारावर आपला छाप दिसला पाहिजे, दुरून दिसला पाहिजे, असा हुकूम. मी गिऱ्हाइकाचा हुकूम पाळला.

कौशल्या: म्हनजे पाहाले बोलावलं होतं. निवडाले नाई. अन मले काय सांगून आनलं? चल, आपून राहुटी निवडू, तुह्या मनासारखी. मी रात्री पीठ भिजवून ठेवलं, सकाळी उठून भाकरी बांधल्या, का आपून राहुटी निवडाले चाललो म्हनून.

देवीदासबुवा: तुला आवडली असती तर सांगणारच होतो.

कौशल्या: अकोल्याचा सप्ताह कोनाच्या अंगनात हाये?

देवीदासबुवा: वामनरावांच्या.

कौशल्या: अन ही राहुटी कोनाची?

देवीदासबुवा: हे बघ, नीट ऐक. हे वस्त्र आहे. अन्न पोटात जातं, रक्तात मिसळतं, म्हणून अन्नाचा दोष लागतो. वस्त्र अंगाबाहेर राहतं. त्यातून वामनराव भाविक माणूस...

कौशल्या: निरूपण अकोल्याले करा. आत्ता चांदभाऊच्या समोर काय बोलले तुमी? अन्न नाई, पानी नाई, छप्पर नाई. हे छप्पर नाई तर काय हाये? शेतकऱ्याचा कापूस मोजताना त्याच्या वखारीत काटा कसा झुकते, हे मले मुर्तिजापूरच्या बायांनी सांगितलं. तुमीही ऐकलं. आता त्याच्या मोराखाली निजून उठान, अन रात्री त्याच्याच अंगनात उभं राहून काट्याचं पाप सांगान?

देवीदासबुवा: सांगेन.

कौशल्या: सांगान. अडखयत सांगान.

देवीदासबुवा: तू माझ्या कीर्तनावर बोलू नकोस. घरातलं काय बोलायचं ते बोल.

कौशल्या: घरातलंच बोलते. माही माय आठवते तुमाले?

देवीदासबुवा: तो विषय इथं कशाला?

कौशल्या: इथंच पाहिजे. चांदभाऊ, तुमी ऐका. माहं माहेर कुरूम. मागच्या पौषात तिथं ह्यांचं कीर्तन होतं. माह्या भावाच्या अंगनात, गोवर्धनदादाच्या. अन आमी वेशीबाहेर चिंचेखाली. ज्या गावात जलमली त्या गावाच्या बाहेर मी गोनपाटाखाली निजली. माही माय, पार्वताबाई, गावातून चालत आली. हातात ताट, वरून पदर झाकलेला. मांडे केले होते तिनं. खापरावरचा मांडा, चांदभाऊ, म्हताऱ्या हाताले सोपा नसते. हात पोयला होता तिचा. अन हे म्हनाले, आपली दोघांची चूल एक तर नेम एक. माय उभी. मी उभी. ताट मधात. मी घेतलं नाई. तिनं तसंच झाकलं अन वापस नेलं. माघात माय गेली.

चांदभाई: या खुदा.

देवीदासबुवा: तेव्हा तू एक शब्द बोलली नाहीस.

कौशल्या: बोलाले जागा कोठी होती? तुमी डोये मिटून उभे होते. लोक हात जोडून म्हनत होते, काय बुवा, काय नेम. मलेही वाटलं, मोठं हाये काहीतरी. मले कयत नाई, पन मोठं हाये. त्या मोठ्या गोष्टीसाठी मी मायले वापस धाडलं. अन आज पाह्यलं तर ते गोष्ट केवढी? आडत्याच्या मोराएवढी.

देवीदासबुवा: पुरे. आता मी बोलतो, आणि मध्ये बोलू नकोस. कोणासाठी घेतली ही राहुटी? माझ्यासाठी? मी झाडाखाली निजतो, देवळाच्या पायरीवर निजतो, मला काही होत नाही. पौषात तू खोकत होतीस. वर गोणपाट, गोणपाटावर दव, आणि पहाटेपर्यंत तुझा खोकला. मी झोपेचं सोंग घेऊन ऐकत असे. मुर्तिजापूरच्या वैद्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, बुवा, आणखी एक हिवाळा हिला असाच काढायला लावलात, तर पुढच्या हिवाळ्यात एकटे याल. तुला सांगितलं नाही. सगळा बाजार पालथा घातला, कापड मिळेना. वामनरावांनी विचारलं, बुवा, काय सेवा करू? आजवर सगळ्यांना सांगत आलो, काही नको. त्या दिवशी तोंड उघडून मागितलं. मागितलं मी, ऐकतेस? दारात उभ्या राहिलेल्या याचकासारखं. दोघं निवांत झोपतील एवढी राहुटी द्या म्हणालो. मोर त्यानं आपल्या मनानं लावला. आणि तू मला इथं चारचौघांत विचारतेस, नेम कुठे गेला.

कौशल्या: माह्यासाठी मोडला.

देवीदासबुवा: मोडला. म्हण, मोडला.

कौशल्या: मंग माह्या मायसाठी काहून नाई मोडला?

चांदभाई: मी जरा दोरखंड पाहून येतो.

कौशल्या: बसा चांदभाऊ. बुवा उत्तर देऊन राहिले.

देवीदासबुवा: उत्तर नाही माझ्यापाशी.

कौशल्या: भर कीर्तनात कोनी पुसलं असतं तर असतं.

देवीदासबुवा: भर कीर्तनात टाळ वाजवला असता, नामाचा गजर केला असता, आणि पुढच्या कथेला लागलो असतो. इथं टाळ नाही.

चांदभाई: एक तोड सांगू का? दोघंही ऐका. मोर उसवून टाकतो. माह्या हाताचा टाका हाये, मलेच ठाऊक कुठून सुटते. खाली डागही राहनार नाही. राहुटी तुमची, बाईची छाती गरम, कोनाचं नुकसान नाही.

कौशल्या: मोर उसवान. सूत कोनाचं, ते कसं उसवान?

देवीदासबुवा: बरोबर बोलते ती. नको, चांदभाई. मुनीम आला की सांगा, बुवांनी राहुटी घेतली नाही. पुढचं मी अकोल्याला वामनरावांना सांगेन. कीर्तनाआधी सांगेन.

चांदभाई: शेठ मानी मानूस हाये. सप्ताह दुसऱ्या बुवाले देतीन.

देवीदासबुवा: देऊ देत. त्या बुवांची जीभ चालेल कशी, ते त्यांचं ते पाहतील.

कौशल्या: माह्याकडे नका पाहू. ह्याची शाबासकी मी देनार नाई. हे पहिल्याच दिशी बोलाचं होतं.

देवीदासबुवा: शाबासकी मागितली नाही. तू लहान राहुटी म्हणतेस, तर तुझा खोकला त्यात राहील का थांबेल, एवढं या माणसाला विचारून घे. मला दुसरं काही नको.

चांदभाई: खोटं कशाले बोलू. एकेरी कापडातून पौषाचं दव खाली उतरते. अस्तर पाहिजेच पाहिजे. अन अस्तराले कापड नाही, ते तर सांगितलं.

कौशल्या: कापड मी देते. राहुटीचं मोल माह्या वाडीतल्या वांग्या-मिरच्या विकून होईन, कोनाची भेट नाई. अन अस्तराले घरी लुगडं हाये. हिरवं, जाड, बुट्ट्यांचं. दोन पदर करून लावलं तर पुरते का?

चांदभाई: नऊवारी हाये ना? दोन पदर करून पुरीन, अन पायाकडून उरीनही. बुवासाहेबाचे पायही झाकतीन. पन बाई, चांगलं लुगडं राहुटीले लावता?

कौशल्या: मायचं हाये. तिचे दिवस झाले तवा गोवर्धनदादानं दिलं. मी घडी मोडली नाई. नेसाले मन होत नाई, ठेवाले मन होत नाई. वर रायलं तर बरं.

देवीदासबुवा: तसं असेल, तर एक अडचण आहे.

कौशल्या: आली. मले वाटलंच होतं.

देवीदासबुवा: ऐक तरी. पार्वताबाईंचं लुगडं म्हणजे कुरूमचं. ते अस्तर झालं म्हणजे छप्पर कुरूमचं झालं. मग कुरूमात कीर्तन करून मला त्याखाली निजता येत नाही.

कौशल्या: तुमचा लुगड्यालेही नेम लागते. अन मीच सांगते, कुरूमले मी यंदा येत नाई. माघात मायचं वर्षश्राद्ध हाये, दादानं तुमाले कीर्तनाचा निरोप धाडला, सारं ठाऊक हाये मले. तुमी जा. तुमी उभे राहा अंगनात. मी पुन्हा चिंचेखाली बसून मायच्या श्राद्धाच्या पंगतीचा आवाज ऐकनार नाई.

देवीदासबुवा: गोवर्धनला उलट निरोप धाडतो. कुरूमचं कीर्तन दुसऱ्या कोणा बुवांना सांग म्हणावं.

कौशल्या: अन तुमी?

देवीदासबुवा: मी त्या घरचा जावई. कीर्तन केलं नाही, तर पंगतीत बसायला मला कोणता नेम आडवा येतो?

कौशल्या: कीर्तन सोडान तुमी? तिथले लोक काय म्हनतीन?

देवीदासबुवा: म्हणतील, बुवा जेवले.

कौशल्या: वाढाले माय नाई आता.

देवीदासबुवा: नाही.

कौशल्या: माहा राग गेला नाई. सांगून ठेवते.

देवीदासबुवा: त्याला जा असं मी म्हटलं नाही. पौषात थंडी फार असते, राहू दे तेवढी ऊब.

चांदभाई: बुवासाहेब, हे चांगलं बोलले. बाई, तुमी हसल्या का?

कौशल्या: नाई. चांदभाऊ, मोठी उतरवा आता. डोयासमोर नको. लुगडं मी धाडून देते. कैची लावताना बुट्टे मधातून कापू नका.

चांदभाई: एकही बुट्टा कापनार नाही. मुसलमानाचा शबद हाये. फक्त दाराचं सांगा. आठवून सांगा, मी शिवताना त्या हिशोबानं बंद लावतो. कुरूमच्या त्या चिंचेखाली वारा कोनत्या बाजूनं येते?

कौशल्या: कुरूमले राहुटी उभी कराची नाई, चांदभाऊ. तिथं मी घरात जेवीन, अन घरातच निजीन.